नवी फुटबॉल लीग जुन्या लीगला भारी पडेल काय? (लेले ग्राउंडवरचं भांडण इथं आणलंय)

तिसरं_गेट (धागाकर्ता)

रविवारी बेळगावात लेले ग्राउंडवर खेळून झालं आणि नेहमीसारखे आम्ही सात-आठ जण कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहाला थांबलो. निम्म्यांचे गुडघे कुरकुरायलेत, एकजण बुटाच्या स्टडमधली लाल माती काडीनं उकरत बसलाय, अशात मी भाच्यानं पाठवलेला एक व्हिडिओ दाखवला. तिथून जे पेटलं ते साडेदहापर्यंत. शेवटी गाडेवाल्यानंच "कप तरी द्या ओ" म्हटलं. निकाल लागला नाही, म्हणून धागा काढतोय.

भाचा अमेरिकेत लुईव्हिलला नोकरीला आहे. व्हिडिओत जांभळे झेंडे, ड्रम, धूर, पोराबाळांना खांद्यावर घेऊन आलेली माणसं. मी विचारलं, मेस्सी खेळतो ती लीग काय रे ही? म्हणाला, नाही मामा. मेस्सी 2023 पासून आहे ती एमएलएस, मेजर लीग सॉकर. तीत आमच्या गावाचा संघच नाही. ही यूएसएल, युनायटेड सॉकर लीग, तिच्या खालची.

मग त्यानं सांगितलं ते असं. एमएलएस 1996 ला सुरू झाली, आता 30 संघ आहेत. तीत खेळून शिरता येत नाही, पैसे मोजून शिरावं लागतं. सॅन दिएगोच्या संघानं आत यायला 50 कोटी डॉलर भरले. आणि एकदा आत बसलं की सगळ्यात तळाला आलं तरी कोणी हलवत नाही. तर फेब्रुवारी 2025 मध्ये यूएसएलनं जाहीर केलं की 2027-28 पासून आम्हीही पहिल्या दर्जाची लीग काढणार. म्हणजे कागदावर एमएलएसच्या मांडीला मांडी लावून. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मालकांनी मतदान करून ठरवलं की आपल्या तिन्ही पायऱ्यांत चढ-उतार ठेवायचा. जिंकलास तर वर, हरलास तर खाली.

मी म्हटलं, ही चालणार. सगळे अंगावर आले. "पैसा जुन्याकडं, टीव्ही जुन्याकडं, मेस्सी जुन्याकडं. तू कशावर उड्या मारायलास?"

तर सांगा. अमेरिकेचं सांगा, आपल्या आयएसएलचं (इंडियन सुपर लीग) सांगा. फक्त "क्रिकेट बघा की त्यापेक्षा" एवढं म्हणू नका.

चोर्ला_उतार

रुमाल टाकून ठेवतो, रात्री लिहितो. तोवर एवढंच, की त्याच रविवारी मी धागाकर्त्याच्या पायांतनं दोनदा बॉल काढलो होतो. ते लिहायचं राहिलंय त्याचं.

खडेबाजार_वकील

धागा चांगला आहे, पण प्रश्न उलटा मांडलाय. पैसा कोणाकडे हे नंतर बघू. आधी शिक्का कोणाकडे ते बघा.

कुठल्याही देशात फिफा एकाच संघटनेला ओळखते. ती संघटना ज्या लीगला मान्यता देईल तीच लीग खरी, बाकी सगळी दांडगाई. मान्यता नसलेल्या लीगमध्ये खेळाडू गेला की त्याचं राष्ट्रीय संघाचं दार बंद व्हायची भीती. त्यामुळे यूएसएलनं काय जाहीर केलं याला माझ्या लेखी फार किंमत नाही. अमेरिकेच्या फेडरेशनचे पहिल्या दर्जासाठी नियम ठरलेले आहेत: सुरुवातीला किमान 12 संघ, प्रत्येकाचं मैदान किमान 15,000 प्रेक्षकांचं, तीन चतुर्थांश संघ दहा लाखांहून मोठ्या शहरी भागातले, आणि मुख्य मालकाची स्वतःची मालमत्ता चार कोटी डॉलरच्या वर. हे पुरं केलं तर शिक्का मिळेल.

तिथेच हे आधी घडून गेलंय. एनएएसएल नावाची लीग पुन्हा उभी राहिली होती, 2011 पासून खेळत होती. 2017 मध्ये फेडरेशननं तिचा दुसरा दर्जा काढून घेतला आणि लीग बसली. ते कोर्टात गेले. म्हणणं असं, की फेडरेशन आणि एमएलएस यांनी संगनमतानं आम्हाला मारलं. खटला रखडत रखडत जानेवारी 2025 मध्ये ज्युरीसमोर गेला आणि फेब्रुवारीत एनएएसएल हरली. म्हणजे लीग मेल्यावर आठेक वर्षांनी निकाल, तोही विरोधात. आमच्या कोर्टात वतनाचे दावे लढणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल.

अवांतर: त्यांचा तो हातात बॉल घेऊन पळायचा फुटबॉल, त्यात यूएसएफएल नावाची लीग 1983 ला निघाली आणि तिनंही जुन्या एनएफएलवर मक्तेदारीचा दावा लावला. 1986 मध्ये ज्युरी म्हणाली, होय, मक्तेदारी आहे, आणि नुकसानभरपाई दिली एक डॉलर. कायद्यानं ती तिप्पट होते म्हणून तीन डॉलर. दावा जिंकून लीग बुडाली. अशील म्हणून असा निकाल वैऱ्यालाही नको.

सुभेदार_निवृत्त

वकीलसाहेब, शिक्का शिक्का काय म्हणताय. शिक्क्याशिवायचा फुटबॉल मी डोळ्यांनी बघितलाय.

आमचं पोस्टिंग कन्नूरला होतं. तिथून सुट्टीच्या दिवशी मलप्पुरमकडे जायचो. सेव्हन्स म्हणतात. सात-सात जण. भाताची कापणी झाली की त्या रिकाम्या शेतात बांबू आणि सुपारीचे खांब बांधून गॅलऱ्या उभ्या करतात. रात्री दिव्याखाली मॅच. तिकीट काढून माणूस येतो, बसायला जागा नाही म्हणून झाडावर चढतो. आफ्रिकेतले खेळाडू पैसे देऊन आणतात. हे सगळं अखिल भारतीय फेडरेशनच्या मान्यतेशिवाय. संतोष ट्रॉफीवाली, म्हणजे राज्याच्या संघातली पोरं नाव बदलून खेळायची, कारण पकडलं तर बंदी. आमच्याच युनिटचा एक गडी खेळून आला आणि सोमवारी परेडला लंगडत उभा. साहेबांनी विचारलं तर म्हणे बाथरूममध्ये घसरलो. तीन सोमवार घसरला.

अजून चालू आहे ते सगळं. शिक्का लागत नाही. लागतं ते गाव.

खडेबाजार_वकील

सुभेदारसाहेब, सलाम. पण नाव बदलून खेळावं लागतं यातच माझा मुद्दा आला. सेव्हन्सनं आयएसएलला टक्कर दिली नाही, ती तिच्या बाजूला जगली. टक्कर आणि शेजार यात फरक आहे.

तालीम_पेठ

कोल्हापुरातनं सलाम बेळगावकरांनो. तुमच्या धाग्यात घुसतोय, राग मानू नका.

भावांनो, तुम्ही अमेरिकेत कशाला गेलासा? शाहू स्टेडियमवर या की. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असू दे, खंडोबा असू दे, दुपारी चारची मॅच असली तर दोनला गॅलरी भरती. हलगी, शिट्ट्या, आणि एखाद्यानं पेनल्टी घालवली की त्याला आठवडाभर पेठेतनं तोंड लपवून फिरावं लागतंय. आमची तालीम म्हणजे कुस्तीची तालीम, गणपतीचं मंडळ आणि फुटबॉलचा संघ, सगळं एकाच फळीवर. फ्रँचायझी विकत घेऊन हे येत नाही. आमच्या अनिकेत जाधवनं 2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो या मातीतनं गेला.

पण खरं सांगायचं तर आमची लीग शहराच्या बाहेर गेली नाही. तालमीच्या पोराला पेठेबाहेर कोण ओळखतोय? म्हणजे जीव आहे, पसारा नाही. आयएसएलचं उलटं, पसारा आहे आणि जीव काही ठराविक गावांतच.

उद्यमबाग_फौंड्री

सगळे भावनेत आहेत म्हणून थोडा हिशेब मांडतो. धंद्याचा माणूस, दुसरं येत नाही.

फौंड्रीत नवा माणूस येतो तेव्हा तो म्हणतो, मी तोच पंपाचा पार्ट दोन रुपये किलो स्वस्त देतो. पहिले सहा महिने देतो पण. मग रिजेक्शन परत यायला लागतं, पेमेंट नव्वद दिवसांनी, आणि जुना सप्लायर शांतपणे दर पाडतो. नवा बंद. लीगचंही तसंच. जुन्या लीगकडे खोल खिसा असतो आणि तिला घाई नसते.

एमएलएसची बांधणी बघा. तिथं संघ म्हणजे वेगळी दुकानं नाहीत. मालक सगळे मिळून एका कंपनीचे भागीदार, खेळाडूंचे करार लीगशी, पगारावर मर्यादा. म्हणजे आपसात बोली लावून कोणी कोणाला बुडवत नाही. त्यांनी हे ठरवून केलं, कारण आधीची एनएएसएल, ती 1968 ते 1984 वाली, नेमकी याच रोगानं गेली होती. न्यूयॉर्क कॉसमॉसनं 1975 ला पेले आणला, मग बेकेनबाउअर. 14 ऑगस्ट 1977 च्या एका सामन्याला 77,691 माणूस. बाकीच्या संघांना वाटलं आपणही आणायचे. ऐपत नसताना आणले. गावात बघायला पाच-सात हजार, पगार मात्र न्यूयॉर्कचे. सोळा-सतरा वर्षांत सगळं भंगारात.

आता एमएलएसनं 2022 मध्ये अ‍ॅपलशी करार जाहीर केला, दहा वर्षांचे किमान 250 कोटी डॉलर. समोर यूएसएल काय ठेवणार? तिसरं_गेट, तुझ्या भाच्याचे ड्रम मला आवडले. पण ड्रमवर पगार होत नाहीत.

गिरमिट

तो पेले कोलकात्यालाही आला होता की. सप्टेंबर 1977, ईडन गार्डन्स, कॉसमॉस विरुद्ध मोहन बागान, 2-2. आमचे आजोबा रेडिओवर ऐकल्याचं सांगायचे. पेलेला बरोबरीत रोखलो हे असं सांगायचे जणू स्वतः बॅकला होते.

शहापूरची_आई

मी फुटबॉल खेळलो नाही, पण पंधरा वर्षं पोराचे मोजे धुतलोय, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

तुम्ही सगळे लीग लीग म्हणायलात. पोरगा ज्या दिवशी म्हटला, आई मला यातच करायचंय, त्या दिवशी आम्ही नकाशा घेऊन बसलो. बेंगळुरू पाचशे किलोमीटर. रात्रीच्या बसला बसवायचं, सकाळी ट्रायल, रात्री परत. गोवा म्हणजे चोर्ल्यातनं अडीच-तीन तास. कोल्हापूर दोन तासांवर, पण कागदावर ते दुसरं राज्य, दुसरी संघटना. गोवा पण दुसरंच राज्य म्हणा, पण तिथं पगार देणारे क्लब आहेत. म्हणून गोवा.

तिथल्या ट्रायलमध्ये निवडला. आम्ही पेढे वाटलो. मग जुन्या क्लबाकडनं एनओसी लागती म्हटले. इथल्या ज्या क्लबाकडं नोंदणी होती (नाव लिहीत नाही, गावात राहायचंय) तिथं गेलो तर सेक्रेटरी लग्नाला. दुसऱ्यांदा गेलो तर लॅपटॉप बिघडलेला. तिसऱ्यांदा म्हटले, सही करतो की वैनी, पण आमची स्पर्धा होईपर्यंत थांबा, तो आमचा लेफ्ट बॅक आहे. स्पर्धा होईपर्यंत तिकडची नोंदणीची खिडकी बंद. पोरगा महिनाभर बोलला नाही. तो गोव्याचा मेसेज मोबाईलमधनं डिलीटही करेना आणि उघडूनही बघेना.

पुढच्या वर्षी गेला. खेळतोय. पण एक वर्ष गेलं ते गेलंच की, त्या वयात एक वर्ष म्हणजे किती असतंय?

मला नव्या लीगचं एवढंच बघायचं आहे, की ती आली तर माझ्या पोरासारख्याला अजून एक दार उघडणार, की अजून एक कागद वाढणार.

सदाशिव_पेठ_३०

उत्तम प्रतिसाद. एक शंका, "खेळलो", "धुतलोय" म्हणजे आपण ताई की दादा?

शहापूरची_आई

नावात आई लिहिलोय की ओ. आमच्याकडं बायका असंच बोलतात. 🙂

चोर्ला_उतार

रुमाल उचलतो.

सगळे अमेरिकेकडे बघायलेत आणि आपल्या अंगणात झालेली गोष्ट कोणालाच दिसेना. नवी लीग जुन्या लीगला भारी पडेल काय? पडली की. भारतात पडली. आयएसएल हीच ती नवी लीग.

आठवा. 1996 ला राष्ट्रीय लीग सुरू झाली, 2007 पासून तिला आय-लीग म्हणायला लागलो. आमच्यासाठी आय-लीग म्हणजे गोव्याचा धेंपो क्लब. पाच वेळा देशाचा विजेता: 2004-05, 06-07, 07-08, 09-10, 11-12. गोव्याचेच साळगावकर दोनदा, चर्चिल दोनदा. बाइकवर चोर्ला उतरून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला मॅच बघायची, येताना पाऊस लागला तर साखळीत थांबायचं, मध्यरात्री घरी आणि वडिलांच्या शिव्या. त्या वेळी भारतातला सगळ्यात भारी फुटबॉल बेळगावपासून तीन-साडेतीन तासांवर होता, कोणाला पटणार नाही आता.

2014 ला आयएसएल आली. सुरुवातीला गोड बोलून आली. दोन-तीन महिन्यांची स्पर्धा, आय-लीगच्या आड येत नाही, खेळाडू दोन्हीकडे खेळतील. देल पिएरो, पिरेस, म्हातारे झालेले पण नाव असलेले. गंमत म्हणून आम्हीही बघितलो. 2016 ला साळगावकर आणि स्पोर्टिंगनं आय-लीगमधनं अंग काढून घेतलं, धेंपोही बाहेर पडला, कारण पुढचा आराखडा दिसायला लागला होता. 2017 ला बेंगळुरू एफसी, जो 2013-14 ला पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकला होता, तो उठून आयएसएलमध्ये गेला. त्याच हंगामापासून दोन्ही लीग एका वेळी. 2019-20 पासून आयएसएल अधिकृतपणे वरची, आय-लीग खाली. 2020 ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालही गेले, म्हणजे देव्हाराच उचलून नेला.

का जमलं? वकीलसाहेबांचा शिक्का आणि फौंड्रीवाल्यांचा पैसा, दोन्ही एकाच हातात होतं. फेडरेशननं 2010 मध्येच आपले व्यापारी हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटींना देऊन टाकले होते, आणि ते घेणाऱ्यांनीच ही लीग काढली. घरमालकानंच भाडेकरूच्या शेजारी दुसरा मजला बांधला आणि खालच्या मजल्याचं पाणी तोडलं.

तालीम_पेठ

चोर्ला भावा, पेठेत बोलवून हार घालायला पाहिजे तुला. शेवटचं वाक्य पाठ केलंय.

उद्यमबाग_फौंड्री

पण फळ काय मिळालं ते पण लिहा. 15 वर्षं सरत आली तसा तो करार डिसेंबर 2025 ला संपणार म्हणून जुलै 2025 मध्ये पुढचा हंगामच लटकवून ठेवला. काही क्लबांनी पगार थांबवले. प्रकरण सुप्रीम कोर्टात. शेवटी फेब्रुवारी 2026 मध्ये 14 संघांचा आखूड हंगाम सुरू झाला, प्रत्येकाशी एकेकदाच खेळायचं. म्हणजे जुनीला मारून नवी आली, आणि एक कागद संपला तर नवीही श्वास घ्यायची थांबली. एकाच गिऱ्हाइकावर चालणारा कारखाना असाच बंद पडतो. मी 2019 ला ते अनुभवलंय, पण ते पुन्हा कधीतरी.

गिरमिट

आणि 2019 ला पुण्याचा आयएसएल संघ बंद झाला, जागा हैदराबादला गेली. माझ्याकडे केशरी जर्सी आहे अजून, गाडी पुसायला काढवत नाही आणि घालून जायला मैदान नाही.

खडेबाजार_वकील

चोर्ला यांनी डोळे उघडले. माझी मांडणी दुरुस्त करतो.

नवी लीग शिक्क्याशिवाय निघाली की तिचे दोनच शेवट मला दिसतात. एक, ती मरते. 2007 ची आयसीएल आठवा, क्रिकेटमधली. बोर्डानं खेळाडूंवर बंदी घातली, दुसऱ्या वर्षी आयपीएल काढली, 2009 ला माफी देऊन खेळाडू परत घेतले. रायुडू त्यातूनच परत आला. कबड्डीतही 2019 ला प्रो कबड्डीच्या विरोधात दुसरी लीग निघाली होती. बालेवाडीला सुरू झाली. किती जणांना आठवते?

दोन, ती इतका त्रास देते की जुनी तडजोडीला येते. ऑस्ट्रेलियातल्या टीव्हीवाल्या पॅकरचं क्रिकेट 1977 ला सुरू झालं, रंगीत कपडे, रात्रीचे सामने, आणि 1979 ला बोर्डानं टीव्हीचे हक्क त्यालाच देऊन मिटवलं. त्याला हवं होतं तेच त्याला मिळालं, लीग हे फक्त निमित्त. अमेरिकेत 1967 ला फुटबॉलच्या दोन लीग एकाच वर्षी निघाल्या. एकीला फिफाची मान्यता होती, दुसरीकडे टीव्हीचा करार होता. एका हंगामात दोघींचे खिसे फाटले आणि डिसेंबरात दोघी एक झाल्या. त्या लग्नातून जन्मली तीच पेलेवाली एनएएसएल.

आणि ज्यांना खरोखर उघडं बंड बघायचंय त्यांनी कोलंबिया बघावं. अर्जेंटिनात खेळाडूंचा संप चालू होता, इकडे कोलंबियाची लीग फिफाच्या बाहेर होती, म्हणजे दुसऱ्या क्लबाला बदलीचे पैसे द्यायची गरजच नाही. 1949 मध्ये अर्जेंटिनाचा दी स्तेफानो फुकटात बोगोटाला. 1951 ला समझोता झाला की 1954 पर्यंत सगळे परत पाठवायचे. तो रियाल माद्रिदला गेला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाच वर्षांचं सोनेरी स्वप्न, पण बाहेरच्या शिक्क्यानं संपवलं.

तेव्हा यूएसएल तिसरा रस्ता धरतेय, शिक्का मागून बरोबरी. त्याचं उदाहरण माझ्याकडे नाही.

सुभेदार_निवृत्त

उदाहरण नाही म्हणजे होणार नाही असं नाही. 1965 ला आमच्या वडिलांनाही कोणी उदाहरण दिलं नव्हतं.

सीमावासी_५६

एवढ्या चर्चेत मूळ दुखणं कोणी काढलं नाही. बेळगाव कर्नाटकाच्या फुटबॉल संघटनेत, कोल्हापूर महाराष्ट्राच्या. बेळगावचं पोरगं कोल्हापूरच्या लीगमध्ये बाहेरचं. चंदगडचा पोरगा बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला बेळगावात येतो आणि फुटबॉलला मात्र परराज्यातला. हे 1956 पासून

संपादक_मंडळ

काका, सीमाप्रश्नाचे सहा धागे चालू आहेत. कृपया तिकडे. हा फुटबॉलपुरता ठेवू.

शहापूरची_आई

संपादक साहेब, काकांचं फुटबॉलपुरतं बरोबर आहे. माझ्या पोराच्या एनओसीत तेच होतं.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

सगळे वाचले. दोन दिवस दुकानात लक्ष नव्हतं, बायकोनं विचारलं कोण आजारी आहे काय.

वकीलसाहेबांच्या नियमांवर बोट ठेवतो. तीन चतुर्थांश संघ दहा लाखांहून मोठ्या शहरातले पाहिजेत. तो नियम इथं लावला तर बेळगाव बाद. 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या आत. कोल्हापूर साडेपाचच्या आसपास, तेही बाद. मडगाव तर कुठल्या कुठं, आणि भारतातला फुटबॉल त्या मडगावनं वाहिला. मोठ्या शहरात संघ टाकला की माणूस येतो, हे टीव्ही विकणाऱ्याचं गणित आहे.

भाच्याला विचारलं, तुझ्या गावात लोक एवढे का येतात? त्यानं लिहिलं, "मामा, इथं पुरुषांचा दुसरा कुठला मोठ्या लीगचा संघ नाही. हा आमचा आहे. 2017 आणि 18 ला लागोपाठ जिंकले तेव्हा सगळे रस्त्यावर होते." मग एक गोष्ट सांगितली. सॅक्रामेंटो म्हणून एक यूएसएलचंच गाव. त्यांना 2019 ला एमएलएसनं घेतलं म्हणून जाहीर केलं, गावानं फटाके उडवले. 2021 ला मोठा गुंतवणूकदार मागं सरला, प्रवेश गेला. 2022 ला त्याच संघानं तिथल्या सगळ्या दर्जांच्या संघांना खुल्या असलेल्या कपमध्ये एमएलएसचे संघ हरवत फायनल गाठली. मैदानावर लायक, पण एका माणसानं चेक फाडला नाही म्हणून बाहेर. असल्या गावांची लीग उभी राहिली तर ती मेस्सीच्या लीगपेक्षा श्रीमंत होणार नाही, हे मला कबूल. फौंड्रीवाले, तुमचा हिशेब पटला. पण त्या लीगमध्ये तळाच्या दोन संघांची शेवटची मॅच बघायलासुद्धा माणूस येईल, कारण हरलं तर खाली जायचंय. एमएलएसला ते विकत घेता येत नाही, कारण ज्यानं 50 कोटी डॉलर भरलेत तो खाली जायला तयार होईल काय?

आपल्याकडंही चढ आणलाच की थोडा. 2022-23 ला पंजाब आय-लीग जिंकून वर गेला, पुढच्या वर्षी मोहमेडन. उतार मात्र लगेच कोणी लागू केला नाही. वर यायला शिडी लावली, खाली यायला नको, वरचे तिथंच बसून राहणार.

उद्यमबाग_फौंड्री

उतार आला की स्पॉन्सर पळतो, हे पण लिही. खालच्या लीगमध्ये गेलेल्या संघाच्या शर्टावर कोण नाव टाकणार?

तिसरं_गेट

तुम्ही टाका की. आमच्या रविवारच्या संघाच्या शर्टावर टाकलायच, आम्ही कुठली लीग जिंकलोय?

उद्यमबाग_फौंड्री

ते मी टाकलं कारण तुम्ही शर्ट न धुता महिनाभर घालता, जाहिरात जास्त दिवस चालते.

तालीम_पेठ

😂😂 शिक्का, पैसा, गाव सगळं झालं, धुणं राहिलं होतं.

चोर्ला_उतार

केरळवाले तरी काय करायलेत बघा. 2024 ला सुपर लीग केरळ काढली, सहा संघ, पहिल्या वर्षी कालिकत जिंकलं. राज्य संघटनेला बरोबर घेऊनच काढली. आयएसएलशी भांडत नाही, राज्यातल्या पोरांना पगार देतेय. तिचं पुढं काय होतंय ते बघायचं. मला वाटतं भारतात आयएसएलला टक्कर दिल्लीतून दुसरी आयएसएल काढून नाही मिळणार. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, मडगाव, पणजी असं काहीतरी एक सुरू झालं, दोन-तीन तासांच्या बसच्या अंतरातलं, तर तिकडची पोरं इकडे राहतील. पण त्याला तीन राज्य संघटनांच्या सह्या लागतील आणि सेक्रेटरी लग्नाला गेलेला असेल.

शहापूरची_आई

एक तरी लग्न चुकवा म्हणावं त्याला.

पोराला हा धागा पाठवलो. म्हटला, आई, कुठलीही लीग असू दे, पगार दर महिन्याला येऊ दे आणि गुडघ्याचा खर्च क्लबानं द्यावा, बाकी चर्चा काकांना करू दे.

खडेबाजार_वकील

या मुद्द्यावर माझी उलटतपासणी नाही.

सुभेदार_निवृत्त

बाकी सोडा. रविवारी कोण कोण येतंय? हवामान खातं पाऊस म्हणतंय.

तिसरं_गेट

पाऊस असला तरी साडेसहाला. खालच्या गोलकडं पाणी साठतं, तिथं चोर्लाला उभा करतो. बॉल माझ्याकडं आहे, पिन हरवलीय. कुणीतरी पंप आणा.

गिरमिट

पंप माझ्याकडं आहे. पण केशरी जर्सी घालून येणार, हसायचं नाही.